मासा आपण होऊन सापाच्या तोंडात कसा शिरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आग्नेय आशियात नाकावर दोन मिशा असलेला एक पाणसाप आहे आणि मासा स्वतःच पोहत त्याच्या जबड्यात शिरतो, असं दाखवणारी चित्रफीत बरीच फिरते आहे. हे खरं आहे का? त्या मिशा माशाला भुलवण्यासाठी असतात का? आणि असा साप आपल्याकडे आहे का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही. तिसऱ्याचं उत्तर असं की, हाच साप आपल्याकडे नाही, पण त्याच्या कुळातले साप कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाडीकाठच्या चिखलात आहेत, अगदी मुंबईतही. मी खाडीतल्या पाणसापांवर बरीच वर्षं काम करतो आहे. ती चित्रफीत थांबवत थांबवत पाहिली की एक गोष्ट ठळक दिसते: पाहणाऱ्याचं सगळं लक्ष मिशांकडे असतं, पण शिकारीतला खरा डाव सापाच्या मानेखालचं अंग खेळतं. ते नीट समजलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या सापाला टेंटॅकल्ड स्नेक म्हणतात. शास्त्रीय नाव एर्पेटॉन टेंटॅक्युलेटम. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०० साली त्याचं वर्णन केलं. थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम हा त्याचा मुलूख. संथ, गढूळ, पाणवनस्पतींनी भरलेली तळी, भातशेतीतले चर, सरोवरांचे उथळ काठ इथे तो राहतो आणि मचूळ पाण्यातही निभावून नेतो. लांबीला साधारण हात-दीड हात. रंग राखाडी किंवा तपकिरी, अंगावर लांब पट्टे नाहीतर ठिपके. कातडीवर शेवाळ धरलं की पाण्यात बुडालेल्या काटकीत आणि त्याच्यात फरक करणं अवघड जातं. नाकाच्या टोकाला दोन्ही बाजूंना खवल्यांनी मढलेली मऊ, मांसल शिंगं असतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सापाला अशी जोडी नाही.

त्याचं सगळं आयुष्य पाण्यातच जातं. जमिनीवर आणला तर धड सरपटताही येत नाही, कारण सरपटायला लागणारे पोटावरचे रुंद खवले त्याच्यात अगदी अरुंद झाले आहेत. नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला आहेत आणि पाण्याखाली जाताना पडदा लागून बंद होतात. श्वासासाठी अधूनमधून वर यावं लागतं, पण एका श्वासावर तो अर्ध्या तासापर्यंत खाली राहू शकतो. मादी अंडी घालत नाही. ती पाण्यातच जिवंत पिल्लं देते आणि पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः पाहतात. हातात उचलला तर तो वळवळत नाही, चावायला धावत नाही, अंग ताठ करून तसाच राहतो. वरच्या जबड्यात मागे विषदंत आहेत आणि सौम्य विषही आहे, पण ते माशांपुरतं. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

खाणं म्हणजे मासे, फक्त मासे. पोटात वनस्पतींचे तुकडे सापडल्यामुळे जुन्या काळी हा साप पाला खातो असंही लिहिलं गेलं होतं. ते तुकडे माशाबरोबर चुकून गिळलेले असतात. पाला खाऊन जगणारा एकही साप जगात नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पाण्यात मासा पकडणं सापाला किती अवघड आहे, हे आधी लक्षात घ्या. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन आहे. जमिनीवरचा साप झेप घेतो तेव्हा हवा त्याला जवळजवळ अडवत नाही. पाण्यात डोकं पुढे फेकलं की डोक्यापुढचं पाणी आधी ढकललं जातं. ती लाट शिकारीला दूर लोटते, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला आगाऊ खबर देते. मोठे मासे यावर सोपी युक्ती वापरतात. ते तोंडाची पोकळी झटकन फुगवतात आणि पाण्यासकट छोटा मासा आत ओढून घेतात. सापाला हे जमत नाही. त्याच्या जिभेखालचं हाड आणि घसा त्या कामाचे राहिलेलेच नाहीत. त्याला जबड्यानेच पकडावं लागतं, आणि जबडा माशापर्यंत पोहोचायच्या आत लाट पोहोचते.

दुसरी अडचण माशाच्या मेंदूत आहे. बहुतेक हाडांच्या माशांच्या मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा दोन भल्या मोठ्या चेतापेशी असतात. लुडविग माउथनर यांनी १८५९ साली त्यांचा शोध लावला, म्हणून त्यांना माउथनर पेशी म्हणतात. कानातून आणि अंगाच्या कडेने जाणाऱ्या संवेदनारेषेतून पाण्यातला प्रत्येक धक्का त्यांच्यापर्यंत पोहोचतो. डाव्या बाजूने धक्का आला की डावी पेशी पेटते. तिचा लांब तंतू मेंदूतच ओलांडून उजव्या बाजूला जातो आणि मणक्याजवळून खाली उतरतो. त्यामुळे उजव्या बाजूचे सगळे स्नायू एकदम आकसतात, माशाचं अंग इंग्रजी सी अक्षरासारखं वाकतं आणि तोंड धोक्याच्या विरुद्ध दिशेला वळतं. दुसऱ्या क्षणाला शेपटीचा फटकारा बसतो आणि मासा निसटतो. धक्का लागल्यापासून वळायला सुरुवात होईपर्यंत सहा-सात मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दीडशेवा भाग. आपल्या डोळ्याची एक उघडझाप यापेक्षा कितीतरी सावकाश होते.

यातली एक बारीक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे. दोन पेशींमध्ये जी आधी पेटते ती दुसरीला तिथल्या तिथे गप्प करते. नाहीतर दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आकसले असते आणि मासा जागीच अडकला असता. म्हणजे निर्णय एकदाच होतो, तो कोणत्या बाजूचा धक्का आधी आला यावर होतो, आणि एकदा झाला की मागे घेता येत नाही. वळण सुरू झालं की मासा विचार बदलू शकत नाही. वेगासाठी दिलेली ही किंमत आहे. करोडो वर्षं ती वसूल होत आली आहे, कारण जवळजवळ प्रत्येक शिकाऱ्यापुढे ही युक्ती चालते.

साप नेमका इथेच घुसतो.

शिकारीच्या वेळी त्याची बैठक ठरलेली असते. शेपटी एखाद्या बुडालेल्या फांदीला किंवा मुळाला गुंडाळलेली. अंग सरळ. मानेच्या जरा खाली एक वळण, आणि डोकं उलटं फिरून अंगाच्या दिशेने पाहत राहिलेलं. एकूण आकार मासेमारीच्या गळासारखा होतो. मग तो थांबतो. डोळे हलत नाहीत, मान हलत नाही, पाण्याच्या प्रवाहाबरोबर फांदी हलली तर तोही तेवढाच हलतो. मासे जवळून जातात, कधी अगदी तोंडासमोरून, तरी तो काहीच करत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा झोपलाय किंवा याला भूक नाही. तो एका विशिष्ट जागेची वाट पाहत असतो. डोकं आणि अंग यांच्या मधल्या खोबणीत मासा शिरला पाहिजे, शक्यतो डोक्याला समांतर. म्हणजे माशाच्या एका बाजूला सापाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला सापाचं अंग.

मासा त्या जागी आला की आधी डोकं हलत नाही. आधी अंग हलतं. मानेखालचा भाग किंचित झटका देतो. आपल्या डोळ्यांना तो दिसतही नाही, सेकंदाला शेकडो चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यातच दिसतो. ही हूल आहे. त्या झटक्याने उठलेला पाण्याचा धक्का माशाला अंगाच्या बाजूने लागतो. त्या बाजूची माउथनर पेशी पेटते, मासा नियमाप्रमाणे विरुद्ध दिशेला वळतो, आणि विरुद्ध दिशेला सापाचं डोकं असतं. तोवर डोकं निघालेलं असतं. सापाचा पूर्ण झपाटा वेगात असला तर पंधरा-वीस मिलिसेकंदांत संपतो. डोकं येताना दुसरी लाट घेऊन येतं, पण तिचा आता काही उपयोग नाही, कारण पहिल्या पेशीने दुसरीला आधीच गप्प केलेलं असतं. काही वेळा मासा इतका बरोबर वळतो की सापाला जबडा बंद करण्यापलीकडे काही करावंच लागत नाही. तुम्ही पाहिलेली चित्रफीत बहुधा अशाच एका झपाट्याची आहे.

हे सगळं अमेरिकेतल्या नॅशविलच्या व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठातले केनेथ कटानिया यांनी २००९ साली प्रसिद्ध केलं. चार सापांचे १२० झपाटे त्यांनी टिपले, आणि ७८ टक्के वेळा मासा सापाच्या डोक्याकडे वळला होता. पळणारा जीव शिकाऱ्याच्या तोंडाकडे वळतो हा आकडा योगायोगाचा असूच शकत नाही. हूल नसती तर तो निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून बराच खाली आला असता.

आता मला या कामातला सर्वात मोलाचा वाटणारा भाग. मासा नेहमीच डोक्याला समांतर नसतो. कधी तो आडवा असतो, सापाच्या डोक्याशी काटकोन करून. अशा वेळी हूल दिली तरी मासा तोंडात येत नाही. तो वळतो आणि त्याचं डोकं सापाच्या जबड्यापासून बाजूला सरकतं. साप त्या वेळी काय करतो? तो माशाचं डोकं आत्ता जिथे आहे तिथे तोंड नेत नाही. वळल्यानंतर ते जिथे जाईल, त्या रिकाम्या पाण्यात तोंड नेतो, आणि डोकं तिथे येऊन पोहोचतं.

तुम्ही म्हणाल, माशाची हालचाल पाहून साप दिशा बदलत असेल. इतक्या थोड्या मिलिसेकंदांत डोळ्याने पाहून, मेंदूने ठरवून, मानेला हुकूम देणं शक्य नाही. शिवाय याची पारख आपोआप झाली. काही वेळा मासा अपेक्षेप्रमाणे वळलाच नाही, किंवा उलट वळला. तेव्हा सापाने त्याच रिकाम्या जागेवर झपाटा मारला आणि तोंडात पाणी आलं. म्हणजे झपाटा सुरू होतानाच लक्ष्य ठरलेलं होतं. माशाच्या पुढच्या हालचालीचा अंदाज आधी बांधलेला, आणि त्यावर सगळं पणाला लावलेलं.

मग प्रश्न येतो की हा अंदाज साप शिकतो कधी? चुकत-माकत, मोठा होता होता? कटानिया यांनी २०१० साली याचंही उत्तर दिलं. नुकती जन्मलेली पिल्लं घेतली, ज्यांनी जिवंत मासा कधी पाहिलाच नव्हता. पिल्लं आणि मासे यांच्यामध्ये पातळ पारदर्शक पडदा ठेवला. पिल्लाला मासा दिसत होता, पण पिल्लाच्या हुलीचा धक्का माशापर्यंत पोहोचत नव्हता. मासा निवांत पोहत राहिला. तरीही पिल्लांनी झपाटा मारला तो मासा घाबरून वळला असता तर त्याचं डोकं जिथे गेलं असतं तिथे. मासा वळला नव्हता, पिल्लाने कधी वळताना पाहिलाही नव्हता. म्हणजे माशाच्या मेंदूत काय घडणार याचा नकाशा साप जन्मतःच घेऊन येतो. सापाला शहाणं म्हणा किंवा नका म्हणू, पण पिढ्यानपिढ्या माशांच्या एका सवयीवर जगत आलेल्या जिवाच्या मज्जासंस्थेत ती सवय किती खोल उतरते, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारा प्रयोग मला माहीत नाही.

यावर एक रास्त शंका नेहमी येते. माशांना एवढा काळ मिळूनही त्यांनी या हुलीवर उपाय का काढला नाही? कारण माशाच्या आयुष्यात असा साप क्वचितच येतो. बगळा, खंड्या, मोठा मासा, पाणमांजर या सगळ्यांपासून धक्क्याच्या उलट वळणं हाच सर्वात चांगला बचाव आहे. एका सापासाठी तो बचाव बदलला तर बाकीच्या साऱ्यांना मासा सोपा होईल. साप संख्येने कमी आणि शिकारीला सावकाश असल्यामुळेच त्याची युक्ती टिकून आहे. दुर्मीळ शत्रूला मिळणारा हा फायदा निसर्गात इतरत्रही दिसतो, पण इतका उघडावाघडा क्वचितच.

आता मिशा. त्यांच्याविषयी पूर्वी तीन मतं होती: माशांना भुलवणारं आमिष, वनस्पतींत मिसळून जाण्यासाठी वेशांतर, किंवा स्पर्शाचं इंद्रिय. आमिषाची कल्पना सगळ्यांना आवडते, पण तिला आधार मिळाला नाही. साप वाट पाहत असतो तेव्हा मिशा हलवून मासे बोलावत नाही, आणि मासेही मिशांकडे ओढले जात नाहीत. कटानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली मिशांच्या नसा तपासल्या. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचे भरपूर बारीक तंतू त्यांत पसरलेले आहेत, आणि पाण्याच्या अगदी हलक्या हालचालीलाही ते प्रतिसाद देतात. विजेच्या लहरी ओळखण्याचं काम त्या करत असतील का, हेही पाहिलं. तसं काही आढळलं नाही.

मेंदूतली मांडणी तर फारच सुरेख आहे. मध्यमेंदूच्या ज्या भागात डोळ्यांनी पाहिलेल्या जगाचा नकाशा तयार होतो, त्याच भागाच्या खालच्या थरांत मिशांना जाणवलेल्या हालचालीचा नकाशा असतो. दोन्ही नकाशे एकमेकांवर जुळतात. म्हणजे उजवीकडे पुढे मासा दिसला काय किंवा उजवीकडे पुढे पाणी हललं काय, मेंदूत खबर एकाच ठिकाणी जाते. अंधारात, फक्त अवरक्त प्रकाशात चित्रण केलं तेव्हाही साप मासे पकडू शकले, मात्र नेम तितका पक्का राहिला नाही. यावरून माझं मत असं आहे: दिवसाउजेडी आणि स्वच्छ पाण्यात डोळा मुख्य, मिशा मदतनीस. गढूळ पाण्यात आणि रात्री मिशांचं वजन वाढतं. आणि हा साप ज्या पाण्यात राहतो ते वर्षातला मोठा काळ गढूळच असतं.

त्याचं सर्वात प्रसिद्ध ठिकाण म्हणजे कंबोडियातलं तोनले साप सरोवर. हे सरोवर दरवर्षी श्वास घेतल्यासारखं फुगतं आणि आक्रसतं. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी चढते की सरोवरातून तिच्याकडे वाहणारी नदी उलटी फिरते आणि पाणी सरोवरात शिरतं. उन्हाळ्यातलं तीनेक हजार चौरस किलोमीटरचं पाणी तेव्हा दहा हजारांच्याही वर पसरतं. काठची जंगलं बुडतात, मासे त्या जंगलात विणीला जातात आणि त्यांच्यामागे साप. त्याच काळात कोळ्यांच्या जाळ्यांत सापही अडकतात. आधी ते जाळ्यात चुकून आलेले असायचे. पुढे माशांची आवक घटली आणि मगरींच्या शेतांना स्वस्त खाद्य हवं झालं, तसे लोक सापांसाठीच जाळी टाकू लागले. शॅरन ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेला अंदाज असा की त्या सरोवरातून वर्षाला ६९ लाखांपर्यंत साप पकडले जात होते. जगात एका ठिकाणच्या सापांची याहून मोठी पकड नोंदलेली नाही, असं त्यांनीच म्हटलं आहे. त्यात सर्वाधिक वाटा दुसऱ्या एका पाणसापाचा होता, पण मिशीवाला सापही त्याच जाळ्यांत येतो. धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो सध्या फारशा काळजीच्या गटात नाही. तरीही मला काळजी वाटते. अंडी न घालता मोजकी पिल्लं देणारा, एकाच जागी बसून राहणारा साप अशा पकडीपुढे किती तग धरेल? वर मेकाँगवरच्या धरणांनी पुराचं वेळापत्रकच बदलू लागलं आहे. ज्या पुरावर हे सगळं चक्र चालतं, तोच कमी-जास्त झाला तर फटका फक्त सापांना बसणार नाही.

आता आपल्याकडचं. मिशीवाला साप ज्या होमालॉप्सिडी कुळातला, त्या कुळातले साप आपल्या किनाऱ्यावर आहेत. सगळ्यांत सहज दिसणारा म्हणजे डॉग-फेस्ड वॉटर स्नेक. खालचा जबडा जरा पुढे आणि डोळे वर, त्यामुळे तोंड खरंच कुत्र्यासारखं दिसतं. कांदळवनात, खाजणात, मिठागरांच्या चरांत तो असतो आणि रात्री बाहेर पडतो. ओहोटीच्या वेळी पाणी उतरू लागलं की खाडीच्या बारक्या फाट्यांत हमखास सापडतो, कारण उतरत्या पाण्याबरोबर छोटे मासे त्याच वाटेने खाली येतात. एकदा टॉर्चच्या उजेडात मी असाच एक साप पाहत होतो. पाणी घोट्याएवढं, साप मुळाला टेकून पडलेला, फक्त नाक आणि डोळे वर. निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे, त्याच्यापासून वीतभर अंतरावर उड्या मारत होत्या, तरी हालला नाही. मग एक मासा मानेला घासून गेला आणि पाण्यात फक्त एक वळसा उठला. मासा तोवर आडवा त्याच्या तोंडात होता. तोंडातल्या तोंडात फिरवून डोक्याकडून गिळायला मात्र त्याने चांगला वेळ घेतला. मऊ चिखलावरून जायचं झालं की हा साप वाळवंटातल्या सापांप्रमाणे आडवा, अंग उचलत उचलत जातो. खाऱ्या पाण्यात राहण्यासाठी त्याच्या तोंडात, वरच्या जबड्याच्या टोकाशी मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी असते.

याच कुळातला ग्लॉसी मार्श स्नेक, जेरार्डा प्रिव्होस्टियाना, मुंबईपासून खाली गोव्यापर्यंतच्या कांदळवनांतून नोंदला गेला आहे. दिसायला साधा, चकचकीत करडा, आणि लहान. पण त्याचं खाणं ऐकलं की कुणीही थांबेल. सापाला तुकडे करता येत नाहीत, तो शिकार आख्खी गिळतो, असं आपण सगळे शिकलेलो असतो. हा साप त्याला अपवाद आहे. नुकती कात टाकलेली, मऊ चिंबोरी तो धरतो, अंगाचा वेढा तिच्याभोवती घालतो आणि तोंडाने खेचून त्या वेढ्यातून तिला ओढतो. मऊ कवच फाटतं, पाय निखळतात, आणि तो तुकड्या-तुकड्याने खातो. त्यामुळे जबड्यात मावणार नाही इतकी मोठी चिंबोरीही त्याला चालते. ब्रूस जेन, हॅरॉल्ड व्होरिस आणि पीटर एनजी यांनी २००२ साली सिंगापूरच्या कांदळवनातल्या सापांवरून हे दाखवून दिलं. कात टाकलेली चिंबोरी काही तासच मऊ असते. तेवढ्या वेळात, अंधारात, चिखलातल्या बिळात तिला नेमकं शोधून काढणं, हेही मिशीवाल्याच्या हुलीइतकंच विलक्षण आहे. आपल्या कांदळवनांत यावर काम करायला भरपूर वाव आहे. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी वाचत असतील तर त्यांनी हा विषय जरूर घ्यावा.

तिसरा साप वेगळ्या कुळातला आहे, पण पाण्यात राहायच्या बाबतीत मिशीवाल्याच्या तोडीचा. फाइल स्नेक, ॲक्रोकॉर्डस ग्रॅन्युलेटस. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांत तो जाळ्यात येतो. कातडी सैल, ढगळ आणि कानशीसारखी खरखरीत. बुळबुळीत मासा अंगाला लागला की त्याभोवती तो सैल कातडीचा वेढा आवळतो आणि त्या खरखरीत खवल्यांत मासा अडकतो. त्याच्या अंगातलं रक्त वजनाच्या मानाने इतर सापांपेक्षा बरंच जास्त असतं. हालचाल मंद, प्राणवायूचा खर्च कमी, त्यामुळे एका श्वासावर तो दोन तासांपर्यंतही खाली राहू शकतो. हूल नाही, झपाटा नाही, तरी मासा मिळतोच. या तिघांची शिकार शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर पाण्यात मासा किंवा चिंबोरी मिळवण्याचा एकच रस्ता नसतो हे चांगलं कळतं.

हे साप पाहायला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कांदळवनात रात्री स्थानिक माणसाला बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका आणि भरतीची वेळ आधी पाहून ठेवा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. खाडीत आणि किनाऱ्याजवळ खरे समुद्रसापही येतात, मालवणकडच्या जाळ्यांत तर नेहमीच. त्यांतले काही फार विषारी असतात. समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी आणि उभी असते, वर सांगितलेल्या चिखलातल्या सापांची तशी नसते. पण रात्री, जाळ्यात गुंतलेल्या आणि चिखलाने माखलेल्या सापाची शेपटी पाहून खात्री करत बसू नका. हात न लावता जाळं सैल करा आणि साप पाण्यात जाऊ द्या. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर तयार केलेलं असतं. समुद्रसापाच्या दंशावर त्याचा भरवसा नसतो. दंशाच्या जागी वेदना आणि सूज फारशी नसते, त्यामुळे माणूस घरीच थांबतो, आणि काही तासांनी अंग दुखायला लागतं, लघवी गडद होते, श्वासाला त्रास होतो. म्हणून जाळ्यातला साप चावला तर तो कुठला होता याचा वाद न घालता, सरळ श्वासयंत्र आणि डायलिसिस असलेल्या रुग्णालयात जा.